हालशाइडची कमान

१२ ऑक्टोबर १९६१

आखनचं बिऱ्हाड हलवून आज इथे जरा स्थिरस्थावर झालो. हालशाइड हे पश्चिम जर्मनीतलं, आयफेलच्या डोंगरातलं छोटं गाव. फ्राऊ थेलेन यांच्या गास्टहाउसच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. एक आम्हा दोघांना, एक यशवंतला. वसुधाने आल्याआल्या खिडकीचा पडदा सरकवला आणि तसाच पुन्हा ओढून घेतला. खिडकीखाली रस्ता, रस्त्याला कुंपण आणि कुंपणापलीकडे एकदम दरी. नदी इतकी खोल की तिचा आवाजसुद्धा वर येत नाही. पलीकडच्या काठावरच्या गावात फ्राऊ थेलेनची बहीण राहते. तिच्या दारातले वाळत घातलेले कपडे इथून दिसतात, पण तिला भेटायला जायचं म्हणजे बसने अर्धा दिवस मोडतो. म्हणून पूल.

पूल पोलादी कमानीचा. दोन्ही काठांवरून अर्धी-अर्धी कमान पुढे सरकत येणार, मागे खडकात रोवलेल्या पोलादी दोरांनी ती तोलून धरणार, आणि मधोमध दोन टोकं जुळणार. जुळेपर्यंत दोन्ही बाजू नुसत्या हवेत. ऊन एका अंगाला जास्त लागलं की ते अंग वाढतं आणि टोक बाजूला सरकतं. किती सरकतं, केव्हा सरकतं, हे मोजणं हा माझ्या डॉक्टरेटचा विषय. म्हणजे मी इथे बांधत काही नाही. काठावरच्या लाकडी बराकीत बसून बघतो आणि नोंदवतो.

यशवंत हा वसुधाचा धाकटा भाऊ. सांगलीहून बी. ई. होऊन आला. आखनच्या विद्यापीठात प्रवेश मिळण्याआधी कुठल्या तरी कामावर प्राक्टिकुम, म्हणजे उमेदवारी, करावी लागते. मी इथल्या पोलिअरशी, म्हणजे मुकादमाशी बोललो. हेर पेश त्याचं नाव. तो म्हणाला, "बरं, हात-पाय धड आहेत ना? मग पाठवा." सासूबाईंनी निघताना वसुधाला एकच सांगितलं होतं, त्याच्याकडे लक्ष ठेव. इथे तो डोळ्यांसमोर राहील.

२९ ऑक्टोबर

यशवंतला पोलादाच्या पट्ट्या जोडणाऱ्या रिव्हेटच्या टोळीत घातलंय. त्याचा जोडीदार रेनातो, इटलीतल्या उदिने भागातला. रेनातो हातोडा चालवतो, यशवंत मागून रिव्हेट दाबून धरतो. दोघांनाही जर्मन बेताचंच, त्यामुळे दोघं एकमेकांशी भरपूर बोलतात. आज जेवताना यशवंत म्हणाला, "दाजी, वर गेल्यावर कळतं, वारा म्हणजे काय. तुम्ही एकदा या ना."

"येईन. आधी यंत्रं लावून होऊ देत."

"अहो, ते काय येतायत!" वसुधा हसत म्हणाली. "पर्वतीवर कठड्याशी उभे राहत नाहीत."

मी म्हटलं, माझं काम खाली आहे, वर जाऊन मी काय करणार? खरंच आहे ते.

३ डिसेंबर

बर्फ. काम बंद. रेनातो रविवार म्हणून जेवायला आला होता. वसुधाने थालीपीठं लावली, भाजणीऐवजी इथल्या राय नावाच्या धान्याचं पीठ. त्याने सहा खाल्ली. यशवंतने त्याला "पुरे" शिकवलं होतं, पण तो ते "आणखी वाढा" या अर्थाने वापरत होता आणि वसुधा वाढत होती. हसून हसून पुरेवाट. त्याच्या घरी द्राक्षाचे मळे आहेत. आई, वडील, आणि हा एकटा. दोन वर्षं काम करून ट्रॅक्टर घ्यायचा आणि परत जायचं, असं म्हणत होता. यशवंत म्हणाला, मी पण येणार तुझ्याबरोबर द्राक्षं तोडायला. "तू? तुझे हात बाईचे आहेत," असं म्हणून त्याने यशवंतचा तळवा सगळ्यांना दाखवला. यशवंतला राग आला नाही. उलट घट्टे कुठे कुठे पडलेत ते त्यानेच दाखवलं.

६ मार्च १९६२

रेनातो गेला.

सकाळी परांचीच्या फळ्यांवर दवाचा बर्फ झाला होता. कमरपट्ट्याची कडी सोडून दुसरीकडे अडकवताना त्याचा पाय सरकला. मी बराकीत होतो. काही ऐकू आलं नाही. एकदम हातोडे थांबले, त्या शांततेनेच मी बाहेर आलो. सगळे खाली बघत होते. मी मात्र वर बघितलं, यशवंत दिसतो का म्हणून. दिसला. तुळईला धरून बसला होता. माझ्या जिवात जीव आला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आधी तेच वाटलं.

यशवंतला पेशने स्वतः खाली आणलं. रडला नाही. घरी येऊन त्याने हात धुतले आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला.

७ मार्च

सरकारी तपासनीस येऊन गेला. यशवंतची जबानी झाली, मी दुभाष्या. काय पाहिलंस? "काही नाही. मी दुसरीकडे बघत होतो. वळलो तेव्हा तो नव्हता." तपासनीसाने दोनदा विचारलं, त्याने दोनदा तेच सांगितलं, शब्दही तेच. पोराने चांगला धीर धरला. पेशने त्याला आठवडाभर सुटी देऊ केली होती, ती त्याने घेतली नाही.

१० मार्च

रेनातोचे वडील आले. ठेंगणे, काळा कोट, टोपी हातात. त्यांना जर्मनचा एक शब्द येत नाही. शवपेटी रेल्वेने न्यायची होती. कंपनीच्या माणसाने त्यांना कमान दाखवली. त्यांनी पाहिली, मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "यश?"

यशवंत माझ्याशेजारीच उभा होता. म्हातारा त्याच्यासमोर आला. मुलगा घरी याच्याबद्दल सांगत असावा. त्यांनी यशवंतचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, पालथे केले, उताणे केले आणि एकेका तळव्याचं चुंबन घेतलं. इटालियनमध्ये काहीतरी म्हणाले. तिथल्या दुसऱ्या एका इटालियन कामगाराने मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "ते म्हणतात, शेवटी त्याच्याजवळ मित्र होता, याबद्दल देवाचे आभार."

यशवंतने हात हिसकून घेतले. अक्षरशः हिसकले, आणि बराकीच्या मागे निघून गेला. मला फार लाज वाटली. मी म्हाताऱ्यांची माफी मागितली. त्यांनी माझा खांदा थोपटला.

संध्याकाळी मी यशवंतला बोललो. म्हणालो, दुःख आहे हे मान्य, पण रीत म्हणून काही असते. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "हो दाजी, चुकलं."

२५ मार्च

काम जोरात. दोन्ही बाजूंचे सांगाडे आता चांगलेच पुढे झुकलेत. दुपारच्या उन्हात आमच्या बाजूचं टोक वीतभर तरी ढळतं आणि संध्याकाळी मुकाट्याने जागेवर येतं. माझे आकडे हिशेबाशी जुळताहेत. प्रोफेसरांना कळवलं.

यशवंतने पलंग खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लावलाय. थंडी लागते म्हणाला. बरोबर आहे, त्या खिडकीला फट आहेच. जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी घेतो. गुडघा दुखावला असेल. विचारलं तर नाही म्हणतो.

वसुधा म्हणाली, "अहो, तो झोपेत पलंगाची दांडी धरून असतो. सकाळी चहा घेऊन गेले तर बोटं पांढरी पडली होती. सोडवून घ्यावी लागली मला."

"सवय झाली असेल. दिवसभर तेच करतो."

ती चहाचे कप घेऊन गेली.

२ एप्रिल

वसुधाच्या आग्रहावरून पेशला भेटलो. यशवंतला खाली, गोदामात वगैरे काम देता येईल का? तो म्हणाला, "हो, का नाही? उद्यापासून देतो. पण त्याला विचारलंत का?"

यशवंतला विचारलं. त्याचा चेहरा एवढासा झाला. "नको दाजी. खाली काम घेतलं तर सगळे विचारतील, का."

"विचारू देत. सांग, आवडत नाही."

"नको. मला वरच जायचंय." आणि मग, "वर असलो की निदान हात कामात असतात."

मी वसुधाला सांगितलं, त्याचीच इच्छा आहे, मी काय करू? आणि खरंच काय करू? तो चोवीस वर्षांचा आहे, कुक्कुलं बाळ नाही. मनातून मला अभिमानही वाटला. दुसरा असता तर सांगलीची वाट धरली असती.

वसुधा म्हणाली, "तुम्ही त्याला विचारलंत की त्याच्याकडून वदवून घेतलंत?"

हे काही मला समजलं नाही.

२२ एप्रिल

ईस्टर. फ्राऊ थेलेनने रंगवलेली अंडी आणि गोड पाव दिला. यशवंतला आवडतो म्हणून मोठा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. त्याने तो हातात घेतला, खाल्ला नाही, बराच वेळ नुसता धरून ठेवला. पावाचा लगदा झाला. फ्राऊ थेलेनने ताटली उचलून नेली. त्यांचा नवरा रशियातल्या युद्धकैदेतून परत आल्यावर असाच काही दिवस बसून असायचा, असं त्या नंतर वसुधाला म्हणाल्या. पण तो युद्धातून आला होता. याची आणि त्याची तुलना कशी होईल?

आज वसुधाशी शब्दाला शब्द झाला. ती म्हणते, त्याला परत पाठवा. मी म्हणतो, तीन महिन्यांत प्राक्टिकुम पुरं होतंय, आता पाठवला तर आयुष्यभर त्याला वाटेल की आपण पळालो. ती म्हणाली, "आणि नाही पाठवला तर आयुष्यभर काय वाटेल?"

१६ मे

आज कमान जुळायची होती. जुळली नाही. सुचेल तसं लिहितो.

शेवटचा तुकडा बसवायचा तो पहाटे, ऊन यायच्या आधी. तेव्हाच दोन्ही बाजूंचं पोलाद सारखं थंड असतं आणि टोकं समोरासमोर असतात. गेले सहा-सात महिने मी जे मोजत होतो ते सगळं या एका तासासाठी. उजाडता उजाडता तुकडा दोरांवर वर चढला. मी बराकीतल्या टेलिफोनवर वरच्या लोकांना आकडे देत होतो. सगळं बरोबर होतं.

मग पेशचा आवाज आला. "हेर खांबेटे, तुमचा यश टोकावर बसलाय. हलत नाही. जर्मन बोलत नाही. काही विचारलं की तुमच्या भाषेत उत्तर देतो. तो तिथून निघाल्याशिवाय मी तुकडा खाली सोडू शकत नाही. आणि तो पडला तर ते मला चालणार नाही. या."

मी म्हणालो, त्याला टेलिफोन द्या.

"त्याचे हात मोकळे नाहीत."

मी वर गेलो. कमानीच्या पाठीवरून दोन फळ्यांची वाट आहे, दोन्हीकडे कमरेच्या उंचीवर तार. उभा राहून चालणं मला जमलं नाही. पुढे रांगत गेलो. सहकारी बघत होते, त्याचं काही वाटलं नाही. एकदा फळ्यांच्या फटीतून नदी दिसली आणि मी तिथेच थांबलो, बराच वेळ. आपण पुढे जात नाही आणि मागेही जाऊ शकत नाही, हे तेव्हा कळलं. मागून एक माणूस आला आणि माझा पट्टा धरून म्हणाला, "चला, डॉक्टर, माझ्या बुटांकडे बघा." त्याच्या बुटांकडे बघत गेलो.

यशवंत टोकाच्या तुळईवर पाय सोडून बसला होता. दोन्ही हातांनी समोरची उभी पट्टी धरलेली. चेहरा शांत होता. पुढ्यात पलीकडचं टोक, हाकेच्या अंतरावर, आणि तिथले लोक आमच्याकडे बघत उभे.

"दाजी, तुम्ही कशाला आलात? पडाल."

"तू चल. म्हणजे मीही येतो."

"हात सुटत नाहीत हो." अगदी साधेपणाने म्हणाला, बूट चावतो म्हणावं तसं. "मी सोड म्हणतो, ते सोडत नाहीत."

मी त्याच्या बोटांवर हात ठेवला. पोलादापेक्षा गार होती. एक बोट उचलायचा प्रयत्न केला. उचललं नाही.

"दाजी, तो लगेच पडला नव्हता."

मला कळलं नाही, कोण. मग कळलं.

"फळीच्या कडेला कोपरावर लटकला होता. माझ्याकडे हात केला. इथून तुमच्याएवढ्या अंतरावर. मला एकच हात सोडायचा होता. दुसऱ्याने धरून ठेवलं असतं तर चाललं असतं. मी दोन्ही हातांनी धरून बसलो. त्याने मला हाक मारली. ओरडला नाही. नुसतं 'यश' म्हणाला. हातोडा पुढे कर म्हणताना म्हणायचा ना, तसं. मला वाटत होतं, सोडतो आता, सोडतो आता. तेवढ्यात तो गेला."

मी काय बोलायला हवं होतं? मी म्हणालो, "तू धरला असतास तर दोघंही गेला असतात. त्याचं वजन, तुझी बैठक, फळीवरचा बर्फ... एका हाताने ते पेलणं शक्यच नव्हतं."

"हे तुम्ही हिशेब करून सांगताय."

"हो, पण हिशेब खरा आहे."

"असेल," तो म्हणाला. "पण मी हिशेब केला नव्हता, दाजी."

मला वर बोलावलं ते मला त्याची भाषा येते म्हणून, आणि मी त्याच्याशेजारी मुका बसलो. सूर्य पलीकडच्या डोंगरावर आला. उजव्या अंगाला ऊन पडलं. आमचं टोक हळूहळू सरकू लागणार हे मला ठाऊक होतं. पेश रांगत नव्हे, चालत आला आणि यशवंतच्या दुसऱ्या बाजूला बसला. त्याने यशवंतची कडी स्वतःच्या पट्ट्याला अडकवली. मग हात वर करून पलीकडच्यांना खूण केली. आज नाही.

"हेर पेश," मी म्हणालो, "अजून थोडा वेळ आहे. अर्धा तास तरी..."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य सोडून दिलं. "पूल उद्याही होईल," तो म्हणाला.

किती वेळ बसलो कोण जाणे. पोलाद तापायला लागलं. यशवंतने एकदम विचारलं, "पाणी आहे का?" पेशने कमरेची बाटली पुढे केली, आणि यशवंतने हात पुढे करून ती घेतली. आपला हात सुटला हे त्याला पाणी पिऊन झाल्यावर कळलं. मग तो हाताकडे बघून रडायला लागला.

मी काहीही केलं नाही. त्याला तहान लागली, एवढंच झालं.

१७ मे

आज पहाटे कमान जुळली. सगळे आकडे बरोबर आले. टोप्या उडवल्या, बिअर झाली, मला खांद्यावर घेतलं. वसुधा यशवंतला घेऊन क्योल्न शहरात गेलीय, मनाच्या आजारांच्या नर्व्हंक्लिनिकमध्ये. गास्टहाउसच्या वरच्या मजल्यावर मी एकटाच आहे.

३ जून

क्लिनिकमध्ये तो अजूनही फक्त मराठीत बोलतो. जर्मन समजतं, तोंडातून येत नाही. म्हणून दर रविवारी मी दुभाष्या. वसुधाला डॉक्टरांनी बाहेर बसवलं.

डॉक्टरांनी विचारलं, "अपघाताच्या वेळी नेमकं काय झालं ते त्यांनी तुम्हाला सांगितलंय का?"

यशवंतला प्रश्न समजला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगू नका, दाजी. अक्कालाही सांगू नका."

डॉक्टर म्हणाले, "काय म्हणतात?"

मी म्हणालो, "आठवत नाही म्हणतो."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्यांना सांगितलं असतं तर त्यांना काही उपाय करता आला असता का? की यशवंतने माझ्याशीही बोलणं बंद केलं असतं? मला ठरवता येत नाही. बसमध्ये वसुधाने विचारलं, "त्या दिवशी वर तो तुम्हाला काय म्हणाला?"

"काही नाही. पाणी मागितलं."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवीतून विणकाम काढलं. तिने जास्त खोदून विचारलं नाही, बरं झालं.

८ जुलै

यशवंत परत आला. झोपेची औषधं आहेत. जर्मन पुन्हा बोलतो, हळू. फ्राऊ थेलेनना बटाटे सोलून देतो, त्या त्याला घरच्यासारखं रागावतात. हातात सुरी, बटाटा, काहीतरी लागतंच. मोकळे हात त्याला नको असतात. दरीच्या बाजूला जात नाही. पेश दोनदा येऊन त्याच्याशी पत्ते खेळून गेला. प्राक्टिकुमचा दाखला त्याने न मागता पुरा करून दिला. यशवंतने तो घेतला आणि कपाटात ठेवला.

मी म्हणालो, "ऑक्टोबरपासून आखनला नाव घालू. वर जायची गरजच नाही. माझ्यासारखं मोजमापाचं काम कर."

"हो, दाजी," म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणतो.

१९ ऑगस्ट

आज न विचारता यशवंत म्हणाला, "मी इटलीला जातो."

मला वाटलं, हवापालटाला. डॉक्टर म्हणालेच होते. मी म्हणालो, छान आहे, पण आल्प्सच्या बाजूला जा, तिथे हवा...

"रेनातोच्या घरी जातो. त्याच्या वडिलांना सांगायला."

मी त्याला बसवलं. म्हणालो, त्यांना आता त्याने काय मिळणार? मुलगा तर परत येत नाही. मुलाच्या शेवटच्या क्षणी मित्र जवळ होता, एवढं तरी त्यांच्याकडे आहे. तेही काढून घ्यायचं? तुला हलकं वाटावं म्हणून त्यांच्यावर ओझं टाकायचं?

सगळं तो ऐकत होता. मग म्हणाला, "त्यांनी माझ्या हातांचे मुके घेतले, दाजी. ते मला ठेवून घेता येत नाहीत."

"मी बरोबर येतो."

"नको. तुम्ही माझी बाजू मांडायला लागाल."

९ सप्टेंबर

क्योल्नच्या बानहोफवर, म्हणजे स्टेशनवर, त्याला सोडून आलो. मी अजूनही ठरवलं नव्हतं की त्याला जाऊ द्यावं की नाही, आणि गाडी लागलीसुद्धा. वसुधाने त्याच्या हातात एक पुडकं दिलं. आत रेनातोच्या वडिलांसाठी लोकरीचा मफलर, काळा, आणि आईसाठी शाल. उन्हाळाभर ती हेच विणत होती, आणि मी समजत होतो माझ्यासाठी.

"आधी त्याच्या आईशी बोल," ती त्याला म्हणाली. "मग वडिलांशी. आणि उभा राहून बोलू नकोस, बस आणि बोल. काहीही म्हणाले तरी उत्तर देऊ नकोस. पटलं ना?"

"हो अक्का."

तिला हे कोणी सांगितलं? यशवंतने तर नाही, मी तर नाहीच. परतीच्या बसमध्ये विचारावंसं वाटलं, पण विचारलं असतं तर मी इतके दिवस काय केलं हेही बोलावं लागलं असतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. हालशाइड आल्यावर म्हणाली, "उतरा, आलं."

१६ सप्टेंबर

काही बातमी नाही. कमानीवर रस्त्याचे खांब उभे राहताहेत. माझं मोजमाप चालू आहे. आज दोनदा आकडा चुकीचा वाचला.

वसुधा दर तासाला खाली जाऊन फ्राऊ थेलेनच्या टेलिफोनकडे बघून येते. त्या तिच्यापुढे कॉफी ठेवतात.

२३ सप्टेंबर

दुपारी फ्राऊ थेलेनने जिन्यातून हाक मारली. "हेर खांबेटे! इटली!"

मी धावलो. लाइनीवर खरखर, मध्येच दुसऱ्या कोणाचं तरी बोलणं. मग यशवंत. गावच्या पोस्टातून बोलत होता.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"कसं? भाषा कुठे येते तुला?"

"स्वयंपाकघरात बसलो होतो. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून दाखवली. मग त्याचा हात दाखवला. मग पुन्हा माझे. त्यांना कळलं, दाजी. आईंना आधी कळलं."

"मग?"

"ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. आईंनी गोठ्याशेजारची खोली दाखवली, जेवायला दिलं. बोलल्या नाहीत. मला वाटलं, जा म्हणाले की निघायचं. पण कोणी जा म्हणालं नाही. ते जायचे-यायचे, माझ्याकडे बघायचे नाहीत. बरेच दिवस तसंच. परवा सकाळी ते दारात आले, माझ्यासमोर एक टोपली टाकली, कात्री टाकली आणि मळ्याकडे चालू लागले. मी मागून गेलो. द्राक्षतोडणी चालू आहे."

"ते काही बोलले?"

"नाही."

"माफ केलं म्हणायचं का?"

"मला नाही माहीत, दाजी. मी विचारलं नाही. कदाचित तोडणीला माणूस कमी असेल." खरखर वाढली. "उद्या वरचा मळा घ्यायचाय. उतार आहे तिथे."

मला म्हणायचं होतं, तिथे जाऊ नकोस, परत ये, आखनला प्रवेशाची मुदत संपत आलीय. मी म्हणालो, "परत कधी येणार?"

"बघू."

येणार आहे की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. वसुधा शेजारी येऊन उभी होती, केव्हा आली कळलं नाही. तिने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"यशवंता, जेवतोस ना वेळेवर? जेवायला काय करतात रे त्याच्या आई? काय खाल्लंस आज?"

आणि मग ती गप्प झाली, कारण पलीकडून तो सांगू लागला होता. मला ऐकू येत नव्हतं, नुसतं रिसीव्हरमधून बारीक, न थांबणारं बोलणं येत होतं. वसुधा भिंतीला टेकून ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "मक्याच्या पिठाचं? मीठ घालून?" मग पुन्हा ऐकत राहिली. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो, आणि मला तिथे काही काम नाही असं दिसल्यावर बाहेर येऊन गास्टहाउसच्या बाकावर बसलो.